एका गळ्यातलं हॉगवर्ट्स

हॅरी पॉटर मालिकेच्या पाचव्या खंडातलं चौथं प्रकरण. सुट्टीभर आपल्याला कुणी काही कळवलं नाही म्हणून हॅरी आपल्या मित्रांवर, रॉन आणि हर्मायनीवर, तुटून पडतो आणि छापील पानावर त्याची वाक्यंच्या वाक्यं कॅपिटल अक्षरांत येतात. डोळ्यांनी वाचणाऱ्याला तेवढी खूण पुरते, बाकीचा आरडाओरडा तो मनातल्या मनात करून घेतो. ऑडिओबुक वाचणाऱ्याची मात्र इथे पंचाईत होते. तो एका लहानशा बंद खोलीत बसलाय, तोंडापासून वीतभर अंतरावर माइक आहे आणि तो माइक ओठ सुटल्याचा आवाजसुद्धा टिपतो. पलीकडे ऐकणारं मूल नऊ वर्षांचं आहे, दिवा मालवून अंथरुणात पडलंय, कानात इअरफोन आहेत. त्या कानात खरोखरच ओरडलं तर मूल दचकून उठून बसेल. न ओरडावं, तर पोरगा इतका का चिडलाय ते पोचणार नाही.

मुरलेला वाचक इथे काय करतो ते लक्ष देऊन ऐकण्यासारखं आहे. तो ओरडण्याचा जोर पोटातून लावतो, पण आवाज निम्माच बाहेर सोडतो. शब्द एकमेकांवर आपटतात, वाक्याच्या मधेच श्वास तुटतो, व्यंजनं कडक होतात. राग या सगळ्यातून कळतो. शिवाय तो माइकपासून थोडा मागे सरतो आणि मान जराशी वळवतो. फार मागे सरून चालत नाही, कारण अंतर वाढलं की खोलीचा घुमारा रेकॉर्डिंगमध्ये शिरतो आणि एकाच माणसाचं एक वाक्य कानाशी, दुसरं न्हाणीघरात बोलल्यासारखं ऐकू येतं. कुजबुजताना याच्या उलट करायचं. चार बोटं पुढे यायचं, पण रेकॉर्डिंगची पातळी वाढवायची नाही. पातळी वाढवली की खोलीतली सगळी खसखस वर येते.

या मालिकेच्या वाचनाबद्दल बोलणं निघालं की गाडी हमखास आकड्यांवर येते. ब्रिटिश आवृत्ती स्टीफन फ्राय यांनी वाचली, अमेरिकन जिम डेल यांनी. पाचव्या खंडात डेल यांनी 134 वेगवेगळे आवाज काढले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. पुढे सातव्या खंडात ते 146 पर्यंत पोचले. चौथ्या आणि सातव्या खंडाच्या वाचनासाठी त्यांना ग्रॅमी मिळालं. हे मोठंच काम आहे, त्याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण मला वाटतं, या आकड्यानं ऑडिओबुकच्या वाचनाविषयी एक गैरसमज घट्ट केला: जितके आवाज जास्त, तितका वाचक थोर. नवे वाचक मग पात्रागणिक नवा गळा शोधत बसतात आणि पुस्तकातला सगळ्यात मोठा आवाज विसरतात. तो आवाज गोष्ट सांगणाऱ्याचा. हॅरी, धिप्पाड हॅग्रिड, हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर येतात-जातात. सांगणारा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत असतो. त्याची लय बिघडली तर शंभर आवाज काढूनही पुस्तक उभं राहत नाही.

मुलं पुस्तक ऐकतात तरी कशी, तेही इथे ध्यानात घ्यायला हवं. मोठा माणूस बहुधा एकदा ऐकतो आणि पुढच्या पुस्तकाकडे वळतो. मूल तेच प्रकरण वीसदा ऐकतं. पहिल्यांदा गंमत वाटलेला चिरका, नाटकी आवाज पाचव्यांदा कानाला टोचायला लागतो. संयमानं वाचलेली ओळ मात्र विसाव्यांदाही गोड लागते, कारण तिच्यात ऐकणाऱ्याला स्वतःचं काही भरायला जागा उरलेली असते. फ्राय यांच्या वाचनाची ताकद मला इथे दिसते. त्यांची पात्रं ओळखू येतात, पण गोष्ट सांगणारा एक प्रेमळ, हुशार माणूस सतत जवळ बसलेला आहे ही जाणीव सुटत नाही. डेल यांच्याकडे रंगभूमीचा झगमगाट जास्त. दोघांपैकी कोण बरं यावर भांडणारे भांडोत. बहुतेकांना जो आवाज आधी कानावर पडला तोच खरा वाटतो.

दोन रेकॉर्डिंगमध्ये एक व्यावहारिक फरक आहे, तो पालकांना उपयोगी पडेल. अमेरिकन प्रतीत काही शब्द बदललेले आहेत. पहिल्या खंडाचं नावच वेगळं आहे आणि डंबलडोरच्या आवडीची ‘शर्बेट लेमन’ ही गोळी तिथे ‘लेमन ड्रॉप’ होते. मूल पुस्तकावर बोट ठेवून सोबत ऐकत असेल तर पुस्तक आणि रेकॉर्डिंग एकाच देशातलं घ्यावं. नाहीतर बोट दर दोन पानांनी अडखळतं.

आता प्रत्यक्ष कामाकडे. पाचव्या खंडात सुमारे 2 लाख 57 हजार शब्द आहेत. इंग्रजी गोष्ट मिनिटाला 155 शब्दांच्या आसपास वाचली, तर हिशेब साडेसत्तावीस तासांवर जातो. डेल यांचं रेकॉर्डिंग त्याहून तासाभरानं कमी आहे, आणि तरी सीडीच्या काळात ते 23 चकत्यांवर आलं होतं. हे झालं ऐकण्याचं मोजमाप. एक तास तयार व्हायला साधारण दोन तास माइकसमोर जातात, तीनएक तास संकलनात आणि एक तास शेवटच्या ऐकणीत. म्हणजे या एका खंडामागे दीडशे-पावणेदोनशे तासांची मेहनत आली, आणि त्यात संहिता आधी वाचून काढण्याचा वेळ धरलेलाच नाही.

संहिता आधी वाचण्याला पर्याय नाही. इंग्रजीत संवाद आधी येतो आणि तो कसा बोलला गेला ते नंतर. वाक्य ठणठणीत आवाजात वाचून झालं आणि पुढे ‘ती कुजबुजली’ असं आलं, की ते रेकॉर्डिंग वाया गेलं. पण हे झालं ओळीपुरतं. मालिकेत खरी फसगत खंडांच्या अंतरानं होते. पाचव्या खंडात हॉग्ज हेड नावाच्या कळकट खानावळीचा मालक मोजकंच बोलतो, तेही गुरगुरत. वाचक त्याला सहज हाताला लागेल तो घोगरा आवाज देऊन टाकतो. सातव्या खंडात कळतं की हा डंबलडोरचा सख्खा भाऊ, आणि एक अख्खं प्रकरण त्याच्या कडवट आठवणींवर उभं आहे. पाचवा खंड 2003 साली आला, सातवा 2007 साली. चार वर्षांपूर्वी दोन ओळींसाठी दिलेला घोगरा आवाज आता पानंच्या पानं, दुःखासकट पेलायचा. हॅरीला छळणारा शिक्षक स्नेप, त्याचंही तसंच. पहिल्या खंडात त्याला निव्वळ खलनायकाचा आवाज देऊन ठेवला, तर शेवटच्या खंडात त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी कुठून आणणार? मालिका अर्धीच लिहून झालेली असताना वाचणाऱ्यानं म्हणूनच प्रत्येक आवाजात थोडी जागा मोकळी ठेवावी. टोकाचा आवाज देऊ नये. छोट्या पात्राला तर मुळीच नाही.

या आवाजांचा हिशेब ठेवायची रीत साधी आहे. पात्र पहिल्यांदा बोललं की त्याच्या दोन-तीन वाक्यांचा, दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा वेगळा साठवायचा. फाइलच्या नावात पात्र, खंड, प्रकरण. सोबत वहीत नोंद: पट्टी वरची की खालची, आवाज छातीतून की नाकातून, चाल संथ की घाईची, कुठल्या प्रांताचा हेल, आणि बोलायची एखादी खोड. यातली खोड सगळ्यात टिकाऊ. गळा दिवसागणिक बदलतो. सकाळी तो जड असतो, संध्याकाळी थकतो, सर्दीत बसतो. पण शाळेतल्या कडक शिक्षिका मॅक्गोनॅगलबाई व्यंजनं कापून बोलतात आणि वाक्याच्या शेवटी आवाज खाली टाकतात, एवढं धरून ठेवलं की गळा थोडा हलला तरी ऐकणाऱ्याला बाई ओळखू येतात. नुसत्या पट्टीवर उभा केलेला आवाज तिसऱ्या दिवशी हरवतो.

पुरुष वाचक स्त्रियांचे आणि मुलींचे संवाद वाचताना हमखास चुकतात ते इथेच. गळा पिळून किनरा आवाज काढतात. त्यानं हर्मायनीची चेष्टा होते आणि वाचकाचा घसाही सोलवटतो. पट्टी फार तर दोन-तीन स्वर वर न्यावी, आवाजातलं वजन कमी करावं, थोडा श्वास मिसळावा, बस. बाकीचं काम शब्द करतात. हर्मायनी भराभर आणि नेमकं बोलते, वाक्य पुरं करूनच थांबते. तेवढं सांभाळलं तरी ती समोर येते. हॅग्रिडचंही असंच. त्याचा अवाढव्य देह घसा खरवडून दाखवायला गेलं तर तासाभरात आवाज बसेल. त्याचा हेल, त्याचे तुटके उच्चार आणि सावकाश चाल यांतून तो देह आपोआप उभा राहतो. आणि तरीही खरखरीत आवाजांची पानं दिवसाच्या शेवटी घ्यावीत. सकाळी घेतली तर त्यानंतरचं सगळं निवेदन घोगरं होऊन बसतं.

या मालिकेत काही कोडी अशी आहेत, की ती फक्त मोठ्यानं वाचणाऱ्यालाच पडतात. दुसऱ्या खंडात हॅरी सापाशी बोलतो. तो सापाच्या भाषेत बोललाय हे त्याला स्वतःलाच माहीत नाही, कानाला ते साधं इंग्रजीच वाटलं, आणि रॉन सांगतो तेव्हा त्याला धक्का बसतो. वाचकानं ते वाक्य फूत्कारत वाचलं तर गुपित तिथेच फुटलं. म्हणून ते हॅरीच्या नेहमीच्या आवाजातच वाचलं पाहिजे. त्याच खंडात भिंतीतून एक गार, भुकेला आवाज येतो. त्यात जास्तीचे ‘स’ ‘श’ ओढले तर चलाख मूल लगेच सापापर्यंत पोचतं. थंडपणा हवा, सरपटणं नको. ही रेघ फार बारीक आहे.

पहिल्या खंडातला शिक्षक क्विरल वर्षभर अडखळत बोलतो आणि शेवटच्या प्रकरणात त्याचं अडखळणं गायब होतं. ही जागा वाचकासाठी मेजवानी आहे, पण आधीचं अडखळणं विनोदासाठी वापरलं असेल तर ती फुकट जाते. ऐकणाऱ्याला त्या माणसाची कीव आलेली असली, तरच पुढच्या सरळ वाक्यानं अंगावर काटा येतो.

रूप बदलणाऱ्या काढ्याचं प्रकरण तर आणखी गुंतागुंतीचं. काढा प्यायल्यावर आवाजही बदलतो. सातव्या खंडात हर्मायनी खलनायकाची साथीदार बेलाट्रिक्स हिचं रूप घेऊन बँकेत शिरते. गळा बेलाट्रिक्सचा, माणूस हर्मायनी. इथे पट्टी आणि जडपणा बेलाट्रिक्सचा घ्यावा लागतो, पण अडखळ, सभ्यपणा आणि भीती हर्मायनीची. वर गोष्ट सांगणाऱ्याचा आवाज तिसराच. एका वाक्यात तीन थर. चौथ्या खंडाच्या शेवटी याच्या उलट परीक्षा आहे: सत्य वदवणारं औषध पोटात गेलेला माणूस निर्विकार, सपाट सुरात लांबलचक कबुली देतो. सपाट वाचलं तर मूल झोपतं, रंगवून वाचलं तर लेखिकेनं लिहिलेलं मोडतं. चांगले वाचक सूर सपाट ठेवतात आणि खेळतात विरामांशी. महत्त्वाच्या नावाआधी पाव सेकंद जास्त थांबायचं. तेवढ्यानंही मूल कान टवकारतं.

उच्चारांचं काय? पुस्तकं येत होती तेव्हा हर्मायनी हे नाव कसं म्हणायचं यावर वाचणारे गोंधळले होते. चौथ्या खंडात ती क्रुम या परदेशी मुलाला आपलं नाव तोडून तोडून शिकवते आणि वाचणाऱ्यांचीही सोय होते. व्होल्डेमॉर्ट या खलनायकाच्या नावाचा शेवटचा ‘ट’ डेल सुरुवातीच्या खंडांत फ्रेंच धाटणीनं गिळत असत. चित्रपट आले, त्यात ‘ट’ स्पष्ट म्हटला गेला आणि मग त्यांनीही तो म्हणायला सुरुवात केली. सगळे खंड लागोपाठ ऐकले तर हा सांधा कानाला जाणवतो. अशी उच्चारसूची रेकॉर्डिंगच्या आधी लेखकाकडून तपासून घ्यावी, आणि एकदा ठरलेला उच्चार चुकीचा निघाला तरी खंडाच्या मधोमध बदलू नये.

आणि काही शब्द जिभेलाच वळत नाहीत. फ्राय यांनी सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे: ‘हॅरी पॉकेटेड इट’ हे तीन शब्द त्यांना काही केल्या जमेनात. लेखिकेला फोन करून बदलता येईल का विचारलं, तर तिनं नाही म्हटलं आणि पुढच्या खंडांत तेच शब्द मुद्दाम घातले. कारण शोधायला गेलं तर सोपं आहे. ‘ट’, ‘ड’, पुन्हा ‘ट’ असे जिभेच्या टोकाचे आवाज इतके दाटीनं येतात, की जीभ एक गाळते किंवा दोन करते. अशा जागी पुन्हा पुन्हा तसंच म्हणत राहिलं की चूकच पक्की होते. त्यापेक्षा एक घोट पाणी प्यावं, शब्द उलट्या क्रमानं दोनदा म्हणावेत, मग मागच्या वाक्यापासून सलग यावं.

चुकलेली जागा दुरुस्त करायची आज रूढ असलेली पद्धत अशी: चुकलं की थांबायचं, रेकॉर्डिंग वाक्याआधी न्यायचं, आपलेच शेवटचे दोन-तीन सेकंद इअरफोनमधून ऐकायचे आणि त्याच सुरात पुढचं वाक्य उचलायचं. जोड नेहमी श्वासावर किंवा विरामावर यावा, शब्दाच्या पोटात नको. रोज काम सुरू करण्याआधी कालची शेवटची दोन मिनिटं ऐकायची, नाहीतर प्रकरणाच्या मधोमध सोमवारचा माणूस संपून मंगळवारचा सुरू होतो.

माइक बहुधा कंडेन्सर जातीचा, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा, आत मोठा पातळ पडदा असलेला, तोंडापासून 15 ते 20 सेंटिमीटरवर, समोरासमोर न ठेवता थोडा तिरका. ‘प’ आणि ‘ब’ म्हणताना सुटणारा हवेचा झोत मग त्याच्या बाजूनं निघून जातो. मधे जाळीचा पॉप फिल्टर. कपडे सुती, मऊ; घड्याळ, बांगड्या बाहेर. कागदाची पानं सळसळतात म्हणून संहिता टॅबलेटवर. तोंड कोरडं पडलं की बारीक चटचट ऐकू येते, त्यावर साधं पाणी आणि मधूनमधून आंबट हिरव्या सफरचंदाची फोड. त्या आंबटपणानं लाळ पातळ होते. दुधाचे पदार्थ कामाआधी टाळलेले बरे. पोट गुरगुरतं म्हणून उपाशी बसू नये, भरल्या पोटीही बसू नये; पोटावर उशी धरून वाचणारे कितीतरी आहेत.

तयार फाइलची मापं ठरलेली असतात. ऑडिओबुक विकणाऱ्या ऑडिबलशी जोडलेल्या एसीएक्स या व्यासपीठावर सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 डेसिबल, शिखर, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे 3 च्या खाली आणि शांततेतली खसखस उणे 60 च्या खाली लागते. मुलांच्या पुस्तकात मी या मापांना जास्तच मानतो. एक प्रकरण हळू आणि दुसरं मोठं असलं की अंधारात आवाजाचं बटण चाचपडावं लागतं, आणि तेवढ्यात गोष्टीची पकड सुटते.

2025च्या नोव्हेंबरपासून या मालिकेची पूर्ण नटसंचाची आवृत्ती येऊ लागली. दोनशेहून जास्त कलाकार, संगीत, पावलांचे आणि दारांचे आवाज. ती ऐकायला भव्य आहे. पण तिच्यातही कुश जम्बो यांच्या रूपानं गोष्ट सांगणारा एक आवाज ठेवावाच लागला, कारण ही पुस्तकं संवादांइतकीच निवेदनावर चालतात. आणि एकट्या वाचकाच्या रेकॉर्डिंगची मागणी यामुळे संपेल असं मला वाटत नाही. शंभर माणसं एका गळ्यातून येताना जो जिव्हाळा तयार होतो, तो घरातल्या माणसानं रात्री गोष्ट सांगण्याच्या फार जवळचा आहे.

म्हणून प्रकरणाच्या शेवटाबद्दल थोडं. या मालिकेतली बरीच प्रकरणं उत्कंठेच्या टोकावर संपतात आणि वाचकाला शेवटची ओळ उंच फेकायचा मोह होतो. ती तशी फेकू नये. ओळ समपातळीवर, किंचित सावकाश वाचावी, शेवटचा शब्द पुरता उच्चारावा आणि माइकसमोर तसंच निश्चल बसून राहावं. रेकॉर्डिंग दोन-तीन सेकंद चालू ठेवायचं. त्या जागी संकलकानं कोरी शांतता चिकटवू नये, खोलीचीच शांतता ठेवावी, कारण कोऱ्या शांततेत यंत्र बंद पडल्यासारखं वाटतं. खोलीच्या शांततेत मात्र गोष्ट सांगणारं माणूस अजून शेजारी बसलेलं असतं. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत अंधारातलं मूल ठरवतं, झोपायचं की अजून एक प्रकरण ऐकायचं.